मागं धूर येतो का

थंडी सुरू झाली आणि ज्योत्स्नाची पिकअप सकाळी सुरू व्हायची थांबली.

दिवसभर गाडीला काही होत नव्हतं. दुपारी मंचरच्या बाजारात उभी करा, कळंबला कुणाच्या बांधावर तास-दीड तास थांबवा, किल्ली फिरवली की अर्ध्या सेल्फात इंजिन बोलायला लागायचं. पण रात्रभर दारात उभी राहिली की पहाटे मेल्यागत. सेल्फ चांगला दमदार फिरायचा, फिरून फिरून त्याचा आवाज खाली यायचा, आणि इंजिन काही पकडायचं नाही.

गाडी मूळची नवऱ्याची, समाधानची. घेतली तेव्हाच ती दोन-तीन हात फिरून आलेली होती. पुढं समाधानला रांजणगावच्या कंपनीत काम लागलं. शिफ्टमुळं तो तिकडंच खोली करून राहायला लागला, सुट्टीपुरता घरी यायचा. गाडी दारात गंजत पडण्यापेक्षा मी चालवते, असं ज्योत्स्ना म्हणाली तेव्हा समाधान हसला होता. पण ती शिकली. लायसन काढलं, आणि पारगावजवळच्या एका रोपवाटिकेची रोपं पोचवायचं काम मिळवलं. टोमॅटो, मिरची, झेंडू. ट्रेमधली ती बोटभर रोपं ऊन चढायच्या आत शेतावर पोचावी लागतात. लावणीच्या बाया बांधावर येऊन बसलेल्या असतात, पाणी सोडलेलं असतं, आणि शेतकरी दर पाच मिनिटाला फोन करत असतो. उशीर झाला की रोपं मलूल पडतात आणि शिव्या गाडीवालीला.

मंचरचा चिमाजी मिस्त्री चांगला माणूस होता, पण त्याची एक अडचण होती. गाडी त्याच्याकडं पोचायची ती चालून, तापून. तो किल्ली फिरवायचा, गाडी झटक्यात सुरू.

"ताई, हिला काय झालंय?" तो विचारायचा.

"सकाळी चालू व्हत नाय."

"थंडीचं हिटर गेले असतील."

हिटर बदलले. मग बॅटरी बदलली. मग बॅटरीच्या वायरी घासून घट्ट केल्या. प्रत्येक वेळी गॅरेजात गाडी शहाण्यासारखी वागायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. रात्रभर गॅरेजला सोडायची तर सकाळचं काम कोण करणार? तिचं दुखणं गाडीबरोबर मंचरला जातच नव्हतं. ते घरीच राहायचं, अंगणात.

भागुजींचं, म्हणजे तिच्या सासऱ्यांचं घर लोणीच्या खालच्या अंगाला, उसाच्या मळ्यांत होतं. दारापासून वरच्या डांबरी रस्त्यापर्यंत एक चढाची वाट. ती वाट जायची सयाजीतात्यांच्या बांधावरून, त्यांच्या गोठ्याला आणि घराला वळसा घालून. दुसरी वाट नव्हती. खाली ऊस, त्याच्यापलीकडं ओढा.

पहिल्या दिवशी गाडी अडली तेव्हा सयाजीतात्या स्वतःहून आले होते. ट्रॅक्टर घेऊन, साखळी घेऊन.

"ज्योत्स्नाताई, बसा तुमी ष्टेरिंगवर. मी वढतो. सांगितलं की क्लच सोडा," असं म्हणाले, आणि चढ संपायच्या आत गाडी सुरू झाली. तिनं हात जोडले. "अहो, शेजाऱ्यानं शेजाऱ्याला एवढं करायला न्हाई पायजे व्हय?" ते म्हणाले आणि खरंच मनापासून म्हणाले.

मग ते रोजचंच झालं. ट्रॅक्टरला पुढून साखळी लावायला सोपं जावं म्हणून ती संध्याकाळी गाडी तोंड वर करून, चढाकडं बघत लावायला लागली. पहाटे उठून अंघोळ, भाकरी, भागुजींचा चहा, आणि मग सयाजीतात्यांच्या फाटकाशी जाऊन उभं राहायचं. आत दिवा लागला का बघायचं. हाक मारायची नाही, कारण एकदा हाक मारली तर बयाबाई म्हणाल्या होत्या, "उठतायत गं, जरा दम धर." म्हणून नुसतं उभं राहायचं, पदर कानावर घेऊन.

तात्यांनी कधी काही मागितलं नाही. सांगितलं मात्र. "जाताजाता एवढं दुधाचं कॅन डेअरीवर ठिव." ते तिच्या वाटेवरच होतं. "येताना पेंडीचं पोतं आन." गाडी रिकामीच यायची. बयाबाईंचा गुडघा दुखायचा, त्यांना आठवड्यातून दोनदा मंचरला न्यायचं. त्या पुढच्या सीटवर बसायच्या, गप्पा मारायच्या, चांगल्या होत्या. मग एकदा तात्यांच्या पाहुण्यांना पारगावातून आणायचं होतं आणि त्यासाठी तिनं मिरचीची एक खेप सोडली. नाही म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं. एकेक काम मुठीएवढं. पण महिनाभरात तिच्या लक्षात आलं, की संध्याकाळी तात्यांचा पोरगा भरत मोटारसायकलवरून दिसला तरी आपण हातातलं काम सोडून बघत राहतो, हा आता काय निरोप घेऊन आला म्हणून. 'ज्योत्स्नाताई'ची 'ज्योत्स्ना' झाली होती, आणि अलीकडं फाटकातून "ए पोरी, आलो गं" असं यायचं.

भागुजी यातलं सगळं बघत होते. उमेदीचा सगळा काळ कारखान्यात काढलेला हा म्हातारा माणूस बोलायचा कमी. एकदाच म्हणाले, "रोज त्याच्या फाटकाशी उभी ऱ्हाती, मला बरं वाटत न्हाई."

"मग काय करू मामा? धक्का द्यायला इथं मानसं कुठंयत?"

भागुजी ओसरीवर गोधडी पांघरून बसून राहायचे आणि गाडी चढ चढून दिसेनाशी झाली की आत जायचे.

त्या दिवशी पहाटे गारठा असा होता, की गाडीच्या काचेवरचं दव तिनं दोनदा पदरानं पुसलं तरी पुन्हा साचलं. तात्या नेहमीपेक्षा लवकर आले. ट्रॅक्टर खाली आणला, साखळी लावली आणि मग ट्रॅक्टरवर न बसता तिच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. डोळे लाल, अंगावर शाल.

"रात्री वासरू गेलं गं," ते म्हणाले. "लई केलं. डॉक्टर आला, सलाइन लावली. न्हाई ऱ्हायलं."

"अगं बाई," ज्योत्स्ना म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं. ते वासरू तिनं पाहिलं होतं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. "काय झालं व्हतं?"

"हगवन. गाय हंबरतीय बघ, ऐकू येतंय का? तिच्यासमोरनं हलवलं पायजे. भरत पुन्याला गेलाय, मजूर नऊबिगर येनार न्हाईत." त्यांनी गाडीच्या हौद्यावर हात ठेवला. "तुझी गाडी रिकामीच जातीय. वर घेतली की थांब गोठ्यापाशी, मागं टाकू. डांबरीवरच्या ओढ्याच्या पुलाखाली सोडून दे, वाटंवरच हाय तुझ्या."

ज्योत्स्नाचे हात स्टेअरिंगवरच राहिले. तात्या ते दुधाच्या कॅनसारखंच बोलले होते. त्याच आवाजात.

आणि मग तिला ओसरीवरून उतरणारे पाय दिसले. भागुजी येत होते. गोधडी मागं टाकलेली, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, आणि हातात एक रिकामं पोतं. दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी येऊन ते हळू आवाजात म्हणाले, "पोरी, घे. मी येतो संगं. तू खाली उतरू नको, हात लावू नको. मी उतरवतो."

हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

लग्न होऊन ती या घरात आली त्या वर्षीच भागुजींनी तिला आपल्या वडलांची गोष्ट सांगितली होती. एकदाच सांगितली, पुन्हा कधी नाही. गावात कुणाचं जनावर मेलं की त्यांना बोलावणं यायचं. छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्याच महिन्यात त्यांनी गावाला सांगितलं, आता आम्ही मेलेलं ओढणार नाही. त्यानंतर वर्षभर गावानं त्यांना काम दिलं नाही, बांधावरून जाऊ दिलं नाही, दळण दळून दिलं नाही. भागुजी तेव्हा सात वर्षांचे. आई मक्याच्या कण्या शिजवायची आणि त्या संपल्या की नुसतं पाणी उकळायची, पोरांना झोप लागेपर्यंत.

आणि तोच पोरगा आता म्हातारा होऊन पोतं घेऊन तिच्या खिडकीशी उभा होता. कारण नाही म्हटल्यावर काय होतं, हे त्या घरात त्यालाच माहीत होतं.

"तात्या," ज्योत्स्ना म्हणाली. "ते मी न्हेनार नाय."

"का गं? गाडी घान व्हईल म्हनून? पाइपानं धुवून देतो की."

"गाडीचं नाय."

सयाजीतात्यांनी तिच्याकडं बघितलं, मग पलीकडं भागुजींकडं, त्यांच्या हातातल्या पोत्याकडं. त्यांना समजलं की नाही, ते त्या अंधुक उजेडात दिसलं नाही.

"रोज वढतो," ते म्हणाले. "थंडीचं उठून वढतो. कधी एका शब्दानं बोललो न्हाई. आन आज माझ्या घरात असं झालंय, एक काम सांगितलं तर..." वाक्य पुरं न करता ते पुढं गेले, साखळी सोडली, ट्रॅक्टरवर टाकली. "बघ मग तुझं तू."

ट्रॅक्टर चढ चढून गेला आणि वर गोठ्याच्या वळणावर, वाटेच्या मधोमध थांबला. इंजिन बंद झालं. फाटक वाजलं.

"पोरी," भागुजी म्हणाले, "तुझं काम जाईल."

"मामा, ते पोतं आधी आत ठिवा."

"मी केलं असतं. मला आता काय त्याचं?"

"ठिवा म्हनते ना!" ती ओरडलीच. सासऱ्यावर ती आयुष्यात पहिल्यांदा ओरडली होती. भागुजी पोतं घेऊन आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

तिनं किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, फिरला, फिरला. काही नाही. पुन्हा. काही नाही. रोपवाटिकेतून हर्षालीचा फोन आला. तिकडची सगळी गाड्यांची जुळणी तीच बघायची. "ताई, निघालात ना? कळंबवाल्याचे दोन फोन आले."

"निघते," ज्योत्स्ना म्हणाली आणि फोन ठेवल्यावर तिला रडू आलं. पुढं वाट अडलेली. मागं ऊस. खाली हे मेलेलं इंजिन. पळून जायचं म्हटलं तरी कुठून जाणार?

पण थोड्या वेळानं एक गोष्ट तिच्या डोक्यात आली. इतक्या दिवसांत गाडी अशी गार आणि आपल्या ताब्यात कधी राहिलीच नव्हती. दोन-चारदा सेल्फ मारला, की ट्रॅक्टर हजर. आजार दिसायच्या आत त्याला ओढून पळवलं जायचं. आज तो इथंच होता, आणि त्याला जायची कसलीही घाई नव्हती.

तिनं चिमाजी मिस्त्रीला फोन लावला. तो उठलेला होता.

"ताई, घेऊन या ना गाडी, बघू."

"आनता येत नाय म्हनून तर फोन केलाय. आता या घडीला गार हाय, चालू व्हत नाय. तुमी विचारा, मी बघून सांगते."

चिमाजीचा आवाज बदलला, कामाचा झाला. "सेल्फ कसा फिरतो?"

"जोरात."

"बरं. सेल्फ मारताना मागं धूर येतो का?"

ज्योत्स्नाला ते माहीतच नव्हतं. ती कायम आत बसलेली, तात्या कायम पुढं ट्रॅक्टरवर. गाडीच्या मागं कधी कुणी उभंच राहिलं नव्हतं.

"मामा!" तिनं हाक मारली. भागुजी आले. त्यांचे डोळे ओले होते, पण तिनं तिकडं बघितलं नाही. "मागं उभं ऱ्हावा. सायलेन्सरकडं बॅटरी धरा. धूर आला तर सांगा, पांढरा का काळा."

तिनं सेल्फ मारला. भागुजी वाकून बघत राहिले.

"काय न्हाई," ते म्हणाले. "वाफबी न्हाई."

"एक फुरकासुद्दा न्हाई?" फोनमधून चिमाजीनं विचारलं.

"नाय म्हनतायत."

"मग हिटरचा यात काय संबंध न्हाई, ताई. हिटर गेला असता तर डिझेल न जळता पांढरा धूर म्हनून बाहेर पडला असता. धूरच न्हाई म्हंजे आत डिझेलच जात न्हाई. मी उगीच हिटरच्या मागं लागलो." तो म्हणाला. "पन मी तरी कसं सांगनार? माझ्याकडं यायची ती तापूनच. बॉनेट उघडा."

भागुजींनी बॅटरी धरली. डिझेलच्या फिल्टरच्या डोक्यावर हातानं दाबायचा छोटा पंप असतो, तो चिमाजीनं तिला शोधायला लावला. "दाबा. कडक लागतो का मऊ?"

"मऊ. रिकामा. फुग्यागत."

"म्हंजे फिल्टरात डिझेल न्हाई, हवा हाय. रात्रीतनं डिझेल मागं टाकीत पळतं. गाडी लावता कशी? तोंड वर का खाली?"

"वर. ट्रॅक्टरला वढायला सोपं पडतं म्हनून."

"अरे देवा," चिमाजी म्हणाला. "मग ते आनखीच उतारानं मागं जानार की वो."

ज्योत्स्नानं वर, चढाच्या टोकाला बघितलं. ट्रॅक्टरची काळी आकृती तिथं तशीच उभी होती.

चिमाजीनं सांगितलं तसं फिल्टरवरचा हवेचा स्क्रू बारीक पान्यानं सैल करून ती पंप दाबत राहिली. बोटं गारठ्यानं बधिर झालेली, अंगठा कुठं लागतोय ते कळत नव्हतं. पहिल्यांदा नुसता फुस्स आवाज. मग स्क्रूच्या कडेनं फेस आला, साबणाच्या पाण्यासारखा. "फेस जाईस्तोवर दाबा," चिमाजी म्हणाला. ती थकली तेव्हा भागुजींनी तिच्या हातात बॅटरी दिली आणि स्वतः पंप दाबायला लागले. वर केलेल्या बाह्या तशाच होत्या. हळूहळू फेस कमी झाला, बुडबुडे मोठे आणि थोडे झाले, आणि मग डिझेलची एक स्वच्छ बारीक धार त्यांच्या मनगटावरून ओघळली.

"कडक झाला गं," भागुजी म्हणाले. "आता दबतच न्हाई."

स्क्रू आवळला. तिनं किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं. दुसऱ्यांदा खोकलं. मागून पांढऱ्या धुराचा एक लोट निघाला, आणि अख्खी गाडी अंग झाडल्यासारखी हलून सुरू झाली.

भागुजी धुरात उभे राहून खोकत होते.

चिमाजीनं फोन ठेवायच्या आधी तिला रबरी पाइप तपासायला सांगितले होते. हवा कुठून तरी आत शिरते, नाहीतर डिझेल मागं जाणार नाही. फिल्टरच्या खालच्या बाजूला, क्लिपेजवळ, तिला ते सापडलं. तिथं धूळ ओली होऊन चिकटलेली. बोटानं पाइप वाकवला तर टाचेला पडतात तशा भेगा उघडल्या. गारठ्यानं रबर आखडलं की त्या भेगा हवा ओढणार, आणि इंजिनाच्या उबेनं मऊ झालं की मिटणार. म्हणून तर गॅरेजात कधी काही सापडलं नाही.

गाडी तिनं ट्रॅक्टरपर्यंत वर नेली. हॉर्न वाजवला. कुणी आलं नाही. इंजिन बंद करायची तिची छाती होत नव्हती. तिनं हँडब्रेक ओढला, मागून चालत आलेल्या भागुजींनी चाकाखाली दगड लावला, आणि ती पुन्हा त्याच फाटकाशी गेली, जिथं ती रोज उभी राहत होती.

या वेळी ती थांबली नाही, आत गेली. सयाजीतात्या ओट्यावर चहा पीत बसले होते. गोठ्यात ताडपत्रीखाली ते झाकून ठेवलेलं दिसत होतं. गाय दाव्याला ताण देऊन हंबरत होती.

"झाली चालू?" तात्यांनी विचारलं.

"झाली. ट्रॅक्टर बाजूला घ्या, तात्या."

"बस. चहा घे."

"उशीर झालाय."

तात्यांनी बशीत चहा ओतला. "तुला राग आला व्हय? माझ्या मनात तसलं काय न्हवतं. आता कुठं ऱ्हायलंय तसलं काय? तुझी गाडी रिकामी व्हती म्हनून म्हनलं."

"तुमच्या मनात नसंल," ज्योत्स्ना म्हणाली. "पन मामा पोतं घिऊन आले न्हवं? तुमी कुनी बोलावलं नाय त्यांना. आपल्या आपन आले, बाह्या वर करून. ते का आले, तेवढं बघा."

बयाबाई दारातून म्हणाल्या, "द्या की वो काडून ट्रॅक्टर. पोरीला कामाला जायचंय."

तात्यांनी चहा संपवला. कप बशीवर उपडा घातला. मग उठले, किल्ली घेतली आणि तिच्याकडं न बघता ट्रॅक्टर मागं घेतला. एवढीच जागा केली, की आरसा मुडपून तिची गाडी निघाली.

रोपवाटिकेत पोचली तेव्हा कळंबचे ट्रे दुसऱ्या टेम्पोत गेले होते. "शेतकरी थांबेना, ताई," हर्षाली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण कळंबची ती खेप नंतरही त्या टेम्पोवाल्याकडंच राहिली. दुपारी चिमाजीनं पाइप बदलला, नवीन क्लिपा लावल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी दुसऱ्या सेल्फात सुरू झाली. तिसऱ्या दिवशी पहिल्या.

वासरू तात्यांनी मजुरांकडून आपल्याच शेताच्या कडेला पुरून घेतलं होतं. पुन्हा त्यावर कुणी काही बोललं नाही. तात्या रस्त्यात भेटले तर मान हलवायचे. फक्त ट्रॅक्टर अधूनमधून वाटेत उभा दिसायला लागला. रोज नाही. रोज असता तर भांडता आलं असतं. कधी ट्रॉली सोडलेली, कधी नांगर. खरंच कामासाठी ठेवलाय की मुद्दाम, हे ठरवता येत नव्हतं. दर वेळी गाडी चालू ठेवून तिला उतरावं लागायचं, फाटकाशी जावं लागायचं आणि विचारावं लागायचं. भरत हसतमुखानं यायचा, "सॉरी वहिनी," म्हणायचा आणि सावकाश बाजूला घ्यायचा. रात्री झोपताना ती चढाकडं कान देऊन असायची, की ट्रॅक्टरचा आवाज कुठं थांबतो.

समाधान सुट्टीला आला तेव्हा त्यानं सगळं ऐकून घेतलं. "एकदा जाऊन गोड बोल की," तो म्हणाला. "वाट त्यांच्या बांधावरनं हाय. आपल्याला रोजचं जायचंय."

"काय बोलू? माझं काय चुकलं म्हनून?"

"चुकलं नाय गं. पन चुकलं म्हनायला काय जातंय?"

भागुजी जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. "ती न्हाई जायची," ते म्हणाले. "गाडी वर विहारापाशी लावायची. डांबरी रस्त्याला. तिथं कुनाच्या बापाचा बांध न्हाई."

"आन पहाटे ती चालत वर जानार? उसातनं?" समाधान म्हणाला. गेल्याच आठवड्यात खालच्या मळ्यात बिबट्याची मादी पिलांसकट दिसली होती. वनखात्यानं ओढ्याजवळ पिंजरा लावला होता, त्यात अजून काही सापडलं नव्हतं.

"मी जाईन सोडायला," भागुजी म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले.

तेव्हापासून तसंच चाललंय. पहाटे दोघं निघतात. भागुजींच्या एका हातात काठी, दुसऱ्यात बॅटरी, आणि खिशातल्या मोबाईलवर मोठ्या आवाजात गाणी लावलेली, म्हणजे उसात जे काही असेल त्याला आधीच कळावं. बांधावरून, गोठ्याजवळून जाताना ते आवाज कमी करत नाहीत. कधी तात्या धारा काढत असतात, कधी ट्रॅक्टर आडवा असतो. दोघं त्याला वळसा घालून जातात. चालत्या माणसाला तेवढी जागा पुरते.

वर विहारासमोर गाडी सपाटीला उभी असते. ज्योत्स्ना किल्ली फिरवते, आणि गाडी लगेच सुरू होते. पण ती लगेच निघत नाही. भागुजींना आता एकट्याला त्याच वाटेनं परत जायचं असतं. बॅटरीचा उजेड उसात शिरताना दिसतो, वळणावर दिसेनासा होतो, गाण्याचा आवाज बारीक होत जातो आणि मग तोही ऐकू येत नाही. इंजिन चालू असतं, काचेवरचं दव खाली ओघळत असतं, हर्षालीचा फोन येऊन गेलेला असतो. ज्योत्स्ना मोबाईल मांडीवर घेऊन बसून राहते. कधी तो लवकर वाजतो, कधी फार वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तिला गाडी सोडून खाली धावताही येत नाही आणि पुढं जाताही येत नाही.

मग मोबाईल एकदा वाजून बंद होतो. घरी पोचल्याचा भागुजींचा मिस कॉल. ती हँडब्रेक खाली करते आणि निघते.